शिवरे परिसरात प्लॉट घेताय? टोकन देण्याआधी एजंटला काय विचाराल?

पुणे-सातारा महामार्गावर खेड शिवापूरच्या पुढे भोर तालुक्यातलं शिवरे लागतं. पुण्याजवळ प्लॉट किंवा घर शोधणारे अनेक जण या पट्ट्यात येतात आणि पहिला फोन एजंटला करतात. एजंट जागा दाखवतो, बोलणी करून देतो. पण ‘टायटल क्लिअर आहे’ हा त्याचा शब्द पुरेसा नाही.

एजंटचा नंबर कसा तपासायचा?

रेरा कायदा, 2016 नुसार नोंदणीकृत प्रकल्पातलं घर किंवा प्लॉट विकून देणाऱ्या एजंटलाही महारेराची नोंदणी लागते. महाराष्ट्रात त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. एजंटचा नंबर ‘ए’ने आणि प्रकल्पाचा ‘पी’ने सुरू होतो. दोन्ही नंबर महारेराच्या वेबसाइटवर टाकून बघा. नोंदणीशिवाय काम करणाऱ्या एजंटला रोज 10 हजार रुपये दंड होऊ शकतो.

मग फसगत कुठे होते?

एजंट नोंदणीकृत असला म्हणजे प्लॉटही रेरात असतोच असं नाही. 500 चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण 5 गुंठ्यांच्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. शेतकऱ्याकडून थेट घेतलेली जमीन आणि जुन्या घराचा रीसेल यांनाही रेराचं संरक्षण मिळत नाही. तिथे तपासणी तुम्हालाच करावी लागते.

काय तपासाल?

• सातबाऱ्यावर विकणाऱ्याचं नाव आहे का? ‘इतर हक्क’ रकान्यात कर्जाचा बोजा किंवा वारसांची नावं आहेत का? जुने फेरफारही बघा.

• एनए आदेश आणि मंजूर लेआउट आहे का? तुम्ही शेतकरी नसाल, तर शेतजमीन सहसा परवानगीशिवाय घेता येत नाही. गुंठ्यांच्या व्यवहारात तुकडेबंदी कायदाही आडवा येऊ शकतो.

• मूळ कागदपत्रं स्वतःच्या वकिलाला दाखवा. एजंटने सुचवलेला वकील नको.

पैसे कसे द्यायचे?

टोकन एजंटला रोख देऊ नका. मालकाच्या किंवा प्रकल्पाच्या खात्यातच भरा आणि पावती घ्या. रेरा प्रकल्पात करारनामा नोंदवण्याआधी बिल्डर 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. दलालीचा दर रेराने ठरवलेला नाही. त्यामुळे किती द्यायची, कधी द्यायची आणि एजंट समोरच्याकडूनही घेणार आहे का, हे आधीच लेखी घ्या.

‘आज टोकन नाही दिलं तर प्लॉट जाईल’ असं एजंट म्हणाला, तरी आधी सातबारा बघा. प्लॉट दुसरा मिळेल, पण अडकलेले पैसे सोडवायला वर्षं जातात.