अग्निसुरक्षा निरीक्षकांचे प्रगत प्रशिक्षण आणि आपला सभामंडप



गेल्या नवरात्रोत्सवापूर्वी आपल्या मंदिराच्या सभामंडपाची अग्निसुरक्षेच्या दृष्टीने पाहणी झाली. आलेल्या निरीक्षक महोदयांनी सुमारे तासभर फिरून काही सूचना लिहून दिल्या. त्यांतील पहिली सूचना अशी की, उत्तरेकडील दाराचे कुलूप काढावे आणि उत्सवकाळात ते दार मोकळे ठेवावे. हे दार आपण कित्येक वर्षे बंद ठेवत आलो आहोत. त्यामागे कारणेही आहेत. पादत्राणांची चोरी होते, दर्शनरांगेत लोक मधूनच शिरतात, शिवाय दानपेटी त्याच बाजूस आहे. सर्वसाधारण सभेत ही सूचना वाचून दाखविली तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "तासाभरापुरत्या आलेल्या माणसाला आपले मंदिर कितीसे कळणार?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर द्यावयाचे तर हा निरीक्षक कोठे घडतो, काय शिकतो आणि त्या तासाभरात नेमके काय पाहतो, हे समजून घ्यावे लागेल. त्यासाठीच हा लेख सभासदांपुढे ठेवीत आहोत.

या विद्येचा आरंभ

दि. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' या जहाजाला आग लागली. जहाजात स्फोटके होती आणि त्यांच्याच सोबत कापसाच्या गाठीही भरलेल्या होत्या. कापसाच्या गाठी आतल्या आत कशा धुमसत राहतात, हे बुऱ्हाणपूरकरांना सांगण्याची आवश्यकता नाही. जहाजाचे प्रचंड स्फोट झाले व आग विझविण्यास गेलेले ६६ अग्निशामक जवान कर्तव्यावर असताना मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळला जातो. केवळ धैर्य पुरेसे नसते, कोणती वस्तू कोणत्या वस्तूजवळ ठेवू नये याचे ज्ञान आग लागण्यापूर्वीच असावे लागते, हा त्या दिवसाचा धडा होय.

स्वातंत्र्यानंतर या ज्ञानाचे रीतसर शिक्षण देण्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अधीन राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय स्थापन झाले. ते १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूर येथे सुरू झाले आणि १९५७ मध्ये नागपूरला आले. देशभरातील अग्निशमन अधिकारी तेथे शिकून जातात. ही संस्था आपल्या शेजारच्या विदर्भात आहे, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

प्रशिक्षणाच्या पायऱ्या

अग्निशमन दलात भरती झालेला जवान प्रथम शिडी, दोर, पाण्याची नळी आणि श्वसनयंत्र यांचा सराव करतो. त्यानंतर उपअधिकारी, मग स्थानक अधिकारी व प्रशिक्षक आणि त्यापुढे विभागीय अधिकारी, अशा चढत्या क्रमाचे अभ्यासक्रम नागपूरच्या महाविद्यालयात आहेत. नागपूर विद्यापीठाशी संलग्न अशी अग्नि अभियांत्रिकीची पदवीही तेथे घेता येते. पहिल्या पायरीवर लागलेली आग विझविणे शिकविले जाते. जसजसे वर जावे तसतसा अभ्यास आग लागूच नये, आणि लागलीच तर माणसे बाहेर पडावीत, याकडे वळतो. निरीक्षकाचे काम या वरच्या पायऱ्यांवरचे आहे.

त्याच्या अभ्यासाचे मुख्य विषय येथे थोडक्यात देतो.

पहिला विषय आगीच्या वर्तनाचा. बंद खोलीत आग लागली की तप्त धूर वर चढून छताखाली साचतो. त्याचे तापमान ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या घरात गेले म्हणजे खोलीतील सर्व वस्तू जवळजवळ एकाच क्षणी पेट घेतात. त्यानंतर आत राहिलेला मनुष्य वाचत नाही. छत कापडाचे किंवा थर्माकोलचे असेल तर ही वेळ फार लवकर येते. आगीत मरण पावणाऱ्यांपैकी अनेकांचा बळी ज्वाळा नव्हे, तर धूर घेतो. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक जोमाने चिकटतो आणि माणूस पळण्याआधीच शुद्ध हरपतो. म्हणून निरीक्षक आत येताच आधी छताकडे पाहतो.

दुसरा विषय माणसांच्या मोजणीचा. राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग अग्नि व जीवसुरक्षेविषयी आहे. या संहितेची सुधारित आवृत्ती २०१६ मध्ये निघाली. तिच्यात मंदिरासारख्या वास्तू लोकसंमेलनाच्या इमारतींच्या 'डी' गटात येतात. दाटीने जमणाऱ्या समुदायासाठी दर माणशी सुमारे ०.६५ चौरस मीटर, म्हणजे सात चौरस फूट जागा धरावी, असे हिशेबाचे माप आहे. आपला सभामंडप ४० फूट लांब व ३० फूट रुंद, म्हणजे १२०० चौरस फुटांचा आहे. सातने भागले असता उत्तर येते सुमारे १७०. अष्टमीच्या आरतीला आपण याच मंडपात पाचशे भक्त मोजले आहेत, आणि ते मोजताना आम्हांस अभिमान वाटला होता. हे पाचशे जण एकाच दाराने बाहेर कसे पडतील, हा प्रश्न आम्ही स्वतःला कधी विचारला नव्हता. निरीक्षकांनी तो पहिल्या दहा मिनिटांत विचारला.

तिसरा विषय विजेचा. सैल जोड, एका खोबणीत अनेक दिवे, उघडी वायर, नसलेले अर्थिंग आणि क्षमतेपेक्षा जाड तार घालून 'सुधारलेला' फ्यूज, हे सारे त्याला शोधावे लागते. चौथा विषय नकाशा वाचण्याचा, म्हणजे इमारत उभी राहण्यापूर्वीच कागदावर तिचे जिने, दारे व पाण्याची टाकी तपासण्याचा. पाचवा विषय आगीनंतरच्या शोधाचा. जळालेल्या भिंतीवरील खुणांवरून आग कोठून उठली हे ठरविता आले पाहिजे, कारण एका ठिकाणचे कारण कळले तरच दुसरीकडची पाहणी सुधारते. सहावा विषय कायद्याचा आणि संभाषणाचा. ज्याला ऐकावयाचे नाही अशा मालकाला, किंवा आमच्यासारख्या विश्वस्तांना, सूचना कशी पटवून द्यावी, हेही शिकावेच लागते.

देवस्थानांतील अनुभव

हे विषय कारखान्यांचे व उंच इमारतींचे आहेत, देवळाचा त्यांच्याशी संबंध काय, असे वाटणे शक्य आहे. म्हणून देवस्थानांतील काही घटना येथे नमूद करतो.

दि. ७ जून १९९७ रोजी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात कुंभाभिषेकाच्या सोहळ्यात शाकारलेल्या यज्ञमंडपाला आग लागली व आग आणि धावपळ यांत चाळीसहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. हजार वर्षांचे दगडी मंदिर उभेच होते. जळाला तो चार दिवसांसाठी घातलेला मंडप. त्यामुळे निरीक्षक मूळ वास्तूइतकेच, किंबहुना अधिक लक्ष तात्पुरत्या मांडवाकडे देतो. अशा मांडवांसाठी भारतीय मानक संस्थेचे आयएस ८७५८ हे स्वतंत्र मानक आहे. कृत्रिम धाग्याचे कापड व दोर वापरू नयेत, विजेच्या तारांखाली मांडव घालू नये, असा त्याचा आशय आहे.

दि. १० एप्रिल २०१६ रोजी केरळमधील कोल्लम जिल्ह्यातील पुट्टिंगल मंदिरात पहाटे आतषबाजीच्या वेळी साठविलेल्या दारूने पेट घेतला आणि शंभराहून अधिक लोक प्राणास मुकले. तेथे आतषबाजीच्या स्पर्धेला जिल्हा प्रशासनाने परवानगी नाकारली होती. तपासणी झाली, नकारही दिला गेला, परंतु तो पाळला गेला नाही.

तिसरी घटना आपल्याच मध्य प्रदेशातील. दि. २५ मार्च २०२४ रोजी, धुळवडीच्या पहाटे, उज्जैनच्या श्रीमहाकालेश्वर मंदिरात भस्मआरतीच्या वेळी गर्भगृहात गुलाल उधळला गेला, त्याचा आरतीच्या कापराशी संपर्क येऊन भडका उडाला व पुजारी-सेवकांसह १४ जण भाजले. त्यांतील एका वृद्ध सेवकांचे पुढे निधन झाले. गुलाल पेट घेतो हे आपल्यापैकी किती जणांस माहीत होते? अनेक गुलालांत पिष्टमय भुकटी असते. ढिगात पडलेली भुकटी सहसा भडकत नाही, मात्र हवेत उडालेल्या प्रत्येक कणाला चहूबाजूंनी प्राणवायू मिळतो आणि ठिणगी लागताच सारा लोट एकदम पेटतो. यंत्रमागाच्या कारखान्यात तारांवर व पंख्यांवर साचणारा कापसाचा कीस झटकन पेटतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. घरात माग चालविणाऱ्या आपल्या बांधवांना हे सहज पटेल.

बुऱ्हाणपूर आणि आपण

आपले शहर तापीकाठचे, जुने आणि दाट वस्तीचे. जुन्या भागातील अनेक गल्ल्यांत मोठा बंब शिरू शकत नाही. मुघलकाळात, १६१५ च्या सुमारास, येथे कुंडी भंडाऱ्याची भूमिगत योजना करून पाण्याची सोय लावली गेली. गरज निर्माण होण्यापूर्वी पाण्याचा विचार करणे ही या गावाची जुनी रीत आहे. आगीच्या बाबतीतही तीच रीत उपयोगी पडेल, कारण बंब येईपर्यंतची पहिली काही मिनिटे आपल्याच हाती असतात.

त्या मिनिटांत आम्ही कसे वागलो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दोन वर्षांपूर्वी समईच्या ज्योतीने सजावटीचा पडदा पेटला होता. सेवेकऱ्यांनी तो ओढून पायदळी विझविला व एकाचा हात भाजला. भिंतीवर अग्निशामक यंत्र होते, परंतु त्याची खीळ कशी काढावी हे उपस्थितांपैकी एकासही ठाऊक नव्हते. आम्ही यंत्र विकत घेतले, त्याची पावती जपून ठेवली आणि सुरक्षेची जबाबदारी पार पडली असे मानले. ही चूक सर्वस्वी आमची होती.

शेजारच्या महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने ही जबाबदारी इमारतीच्या मालकावर वा भोगवटादारावर टाकली आहे. तेथे परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून दर वर्षी जानेवारी व जुलैमध्ये तसे प्रमाणपत्र द्यावे लागते. तो कायदा आपणांस लागू नाही. परंतु वर्षातून दोनदा पाहणी करण्यास कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

मंडळाचे निर्णय

वरील सर्व बाबींचा विचार करून विश्वस्त मंडळाने पुढील निर्णय घेतले आहेत.

१. उत्तरेकडील दाराचे कुलूप कायमचे काढण्यात येत आहे. दार बाहेरच्या बाजूस उघडेल असे बसविले जाईल. संमेलनाच्या इमारतीत असे दार किमान २ मीटर रुंद असावे, या संहितेच्या अपेक्षेनुसार चौकट वाढविण्यात येईल. दानपेटी तेथून हलविली जाईल व दारापाशी उत्सवकाळात एक सेवेकरी उभा राहील.

२. आरतीच्या वेळी सभामंडपात १७० पेक्षा अधिक भाविक नसतील. उर्वरित भाविकांसाठी प्रांगणात बसण्याची व्यवस्था केली जाईल.

३. सजावटीत थर्माकोल व कृत्रिम कापड वापरले जाणार नाही. आपल्या भागात केळीला तोटा नाही. केळीचे खुंट, आंब्याचे डहाळे व फुले यांनी मंडप अधिक शोभेल आणि ओल्या खुंटाला आगही सहजी लागत नाही.

४. समई व अखंड दीप पडद्यांपासून दूर, दगडी चौथऱ्यावर राहतील. गुलाल गर्भगृहात व ज्योतीजवळ उधळू नये, ही नम्र विनंती.

५. महाप्रसादाची चूल व गॅसच्या टाक्या मंडपाबाहेर राहतील. पेटलेल्या तेलावर पाणी कदापि ओतू नये. पाण्याची क्षणार्धात वाफ होऊन ती मूळ आकारमानाच्या सुमारे १७०० पट फुगते आणि जळते तेल चहूकडे उडते. कढईवर घट्ट झाकण ठेवून गॅस बंद करावा.

६. दर वर्षी जानेवारी व जुलैमध्ये विजेची जोडणी व अग्निशामक यंत्रे तपासली जातील. त्याच दिवशी सर्व सेवेकऱ्यांकडून यंत्र चालविण्याचा व मंडप रिकामा करण्याचा सराव करून घेतला जाईल.

आपले सेवेकरी एका दिवसाच्या सरावाने निरीक्षक होणार नाहीत. ते ज्ञान वर्षानुवर्षांच्या अभ्यासाचे आहे. परंतु निरीक्षकाने विचारलेले तीन प्रश्न प्रत्येक जण शिकू शकतो : येथे काय पेटू शकते, येथे किती माणसे आहेत आणि ती कोणत्या वाटेने बाहेर जातील? मंदिरात प्रवेश करताना भाविकांनीही दुसरे दार कोठे आहे हे एकवार पाहून ठेवावे. आगीची चाहूल लागताच १०१ किंवा ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

सभेत प्रश्न विचारणाऱ्या ज्येष्ठ सभासदांना हा मजकूर आम्ही प्रसिद्धीपूर्वी वाचून दाखविला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "चपलांची राखण मी करतो. दार उघडा." नव्या चौकटीच्या खर्चासाठी पहिली देणगीही त्यांनीच दिली. इतर सभासदांनीही यथाशक्ती हातभार लावावा आणि पुढील वेळी निरीक्षक येतील तेव्हा त्यांना चहापाण्याआधी मंदिराचा कोपरा न् कोपरा दाखवावा, अशी प्रार्थना आहे.



विश्वस्त मंडळाच्या वतीने,
सचिव
बुऱ्हाणपूर