नटतो तो, पारखते ती

हाताला चव असलेल्या बाईला आपण सुगरण म्हणतो आणि देखणा खोपा विणणाऱ्या पाखरालाही तेच नाव दिलंय. पण मैत्रिणींनो, गंमत म्हणजे तो खोपा ती विणतच नाही. विणतो तो, तिचा होऊ घातलेला नवरा!

एरवी सुगरणीतले नर-मादी दोघंही चिमणीसारखे मातकट. पाऊस जवळ आला की नराचं रूप पालटतं. डोकं, छाती पिवळीधमक आणि चेहऱ्यावर गडद तपकिरी पट्टा. मादी आहे तशीच. माझ्या माहेरी विहिरीवर झुकलेल्या बाभळीला खोपे लटकायचे. आजी या नरांना ‘हळद लागलेली पाखरं’ म्हणायची.

नटायचं त्यानेच का? मोराच्या पिसाऱ्याने डार्विनलाही असंच छळलं होतं. जीव वाचवायला निरुपयोगी असलेलं एवढं ओझं कशाला? मोराचं पीस पाहिलं की मला मळमळतं, असं त्याने १८६० साली एका पत्रात चक्क लिहून टाकलं! पुढे १८७१ च्या ग्रंथात त्याने उत्तर मांडलं, की मादी निवडते म्हणून नर नटतो. मादीला स्वतःची आवडनिवड असते, हे त्या काळच्या बऱ्याच विद्वानांच्या पचनी पडेना. (नवल नाही!) लांडोर नेमकं काय बघते, यावर वाद अजून आहेच. इंग्लंडमधल्या अभ्यासात पिसाऱ्यावर डोळे जास्त असलेल्या मोरांना पसंती मिळाली. जपानमध्ये सात वर्षं निरीक्षण करणाऱ्यांना २००८ साली तसं काहीच आढळलं नाही.

सुगरणीच्या मादीचं मात्र नुसत्या हळदीवर भागत नाही. नर गवताची, भाताची पाती चोचीने चिरून धागे काढतो, गाठी मारतो आणि खोपा अर्धा झाला की थांबतो. मग त्याला लटकून पंख फडफडवत आरडाओरडा. माद्या येतात, आत शिरून फांदी, जागा, वीण बघतात. पसंत पडलं तर ती राहते आणि मगच तो खालची लांब नळी विणून घर पुरं करतो. नापसंत खोपे तसेच अर्धे लटकत राहतात.

हा संसार उलगडला तो आपल्याच कोकणात. १९३० साली डॉ. सालिम अली अलिबागजवळ किहीमला राहत होते, हातात नोकरी नव्हती, तेव्हा त्यांनी या पाखरांवर पाळत ठेवली. त्यांना दिसलं ते असं, की ती अंड्यांवर बसली की हे महाशय शेजारीच दुसरा खोपा विणायला घेतात, दुसरीसाठी! उबवणं तिच्या एकटीवर. तेव्हा फार हुरळून जाऊ नका बरं का.

आपल्याकडे बघण्याच्या कार्यक्रमात नटायचं मात्र मुलीने. गेल्या महिन्यात माझ्या भाचीला बघायला पाहुणे आले. साडी नेसून, पोहे देऊन झाल्यावर तिने शांतपणे विचारलं, ‘‘घरात माणसं किती? आणि माझी नोकरी सुटणार नाही ना?’’ मुलाची आई गप्पच. आमच्या जाऊबाई नंतर म्हणाल्या, ‘‘पोरगी फार आगाऊ.’’ पाहुण्यांचा निरोप अजून यायचाय. आला तर आधी त्यांचं घर बघून येणार, म्हणतेय ती.