चिपांची शर्यत आणि गिऱ्हाइकाची अट

मृगाचा पाऊस पडला की लगेच तिफण धरावी की आणखी आठ दिवस थांबावे, हा जिंतूर-सेलूकडच्या कोरडवाहू शेतकऱ्यापुढील प्रश्न पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. आज त्याच्या उत्तराचा काही भाग संगणकाकडून येतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या हवामानाधारित कृषिसल्ल्यामागे हवामान खात्याचा अंदाज असतो आणि त्या अंदाजामागे महासंगणकांनी केलेले प्रचंड गणित. या संगणकांचा मेंदू म्हणजे प्रोसेसर, अर्थात चिप. साहजिकच इंटेल आणि एएमडी या अमेरिकी कंपन्यांत नव्या चिपांवरून जुंपलेली स्पर्धा हा केवळ महानगरातील हौशी मंडळींच्या कुतूहलाचा विषय उरत नाही.

परावलंबनाचा धडा या देशाने पूर्वीच घेतला आहे. १९८० च्या दशकात भारताने मागितलेला शक्तिशाली क्रे महासंगणक अमेरिकेने नाकारला. हवामानाच्या अंदाजासाठी कमी क्षमतेचे यंत्र दिले, तेही कडक अटींवर. त्या नकारातून १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ साकारला. त्याचा अभिमान योग्यच होय. परंतु परमचा मेंदू होता इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचा ट्रान्सप्यूटर. ही कंपनी १९८९ मध्येच दुसऱ्या कंपनीच्या हाती गेली होती. पुढे तिची टी-९००० ही नवी चिप रखडली आणि अखेर सोडून देण्यात आली. परमच्या पुढील पिढ्यांना इंटेल, सन, आयबीएम अशी दारे धुंडाळावी लागली. घर आपले, पण आढे परक्याचे, अशी ही अवस्था होती.

येथे एक आर्थिक सत्य ध्यानात घ्यावयास हवे. इंटेल आणि एएमडी यांची स्पर्धा आपोआप जन्मास आली नाही. ती एका गिऱ्हाइकाच्या आग्रहातून उभी राहिली. आयबीएमने १९८१ साली आपल्या वैयक्तिक संगणकासाठी इंटेलची ८०८८ ही चिप निवडली. परंतु तीच चिप बनविणारा दुसरा पुरवठादारही असला पाहिजे, अशी तिची अट होती. म्हणून १९८२ साली इंटेलने एएमडीशी करार केला. पुढे ३८६ चिपच्या वेळी इंटेलने हात आखडता घेतला, प्रकरण लवाद व न्यायालयांपर्यंत गेले आणि १९९१ साली एएमडीने स्वतःची ३८६ बाजारात आणली. एकच दार असले की तेथे किती ताटकळावे लागते, हे एकाधिकार कापूस खरेदीची वर्षे पाहिलेल्या परभणीच्या शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको.

आज मात्र या स्पर्धेच्या पोटात नवा एकाधिकार वाढतो आहे. एएमडीचे स्वतःचे कारखाने उरले नाहीत. तिची ‘व्हेनिस’ ही चिप तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या २ नॅनोमीटर तंत्राने घडणार असल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. इंटेलने ‘१८ए’ या स्वतःच्या तंत्रावर भिस्त ठेवली असली, तरी तीही आपल्या काही चिपांसाठी टीएसएमसीकडेच जाते. दुकाने दोन, पण भट्टी बहुतांशी एक! आपली भट्टी विझू नये म्हणून २०२५ साली अमेरिकी सरकारने इंटेलचे सुमारे १० टक्के भाग घेतले. मुक्त बाजारपेठेचा उद्घोष करणाऱ्या राष्ट्राचे हे वर्तन बोलके आहे.

सी-डॅकने हाती घेतलेल्या ‘ओम’ प्रोसेसरकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. त्याची रचना भारतात होत असली, तरी त्याचा गाभा आर्म या ब्रिटिश कंपनीच्या परवान्याचा आहे आणि निर्मिती टीएसएमसीकडे. म्हणजे परावलंबन संपत नाही, एक पायरी कमी होते. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचाच ‘वेगा’ हे प्रोसेसर मात्र ‘रिस्क-फाइव्ह’ या परवानाशुल्क नसलेल्या खुल्या आज्ञासंचावर उभे आहेत.

देशी चिप मंद आणि महाग ठरेल, हवामानाच्या अंदाजात अशी तडजोड कशी चालेल, हा आक्षेप रास्त आहे. परंतु आयबीएमने एएमडीकडे अधिक वेगवान चिप मागितली नव्हती; तिला दुसरे दार हवे होते. २०२१ साली केंद्र सरकारने सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. अनुदानाने कारखाना उभा राहतो. बाजारपेठ मात्र मागणीने उभी राहते. सरकार हे या देशातील फार मोठे गिऱ्हाईक आहे. जेथे अत्युच्च वेगाची निकड नाही, अशा शाळा, कचेऱ्या व मोजमापाच्या यंत्रांच्या खरेदीत त्याने देशी चिपांसाठी निश्चित वाटा राखावा आणि महासंगणकांच्या खरेदीत दुसऱ्या पुरवठादाराची अट घालावी.

शर्यतीत उद्या कोणती कंपनी पुढे जाईल, हे सांगणे कठीण आहे. दार बंद झाल्यावर आपल्यापुढे दुसरे दार असेल की नाही, हे मात्र आजच्या खरेदीवर ठरणार आहे. पाऊस कोणाच्या परवान्यासाठी थांबत नाही.