सुटर आत, शर्ट वर

डिसेंबरातले पहाटेचे पाच. मुलींच्या खोलीत दिवा लागला तरी कुणी लगेच उठत नाही. ब्लँकेटातून नुसता एक हात बाहेर येतो, गादीखाली जातो आणि तिथला घडी घातलेला गणवेश ओढून परत आत घेतो. मग पाचेक मिनिटं ब्लँकेट आतल्या आत हलत राहतं. मुलगी बाहेर पडते ती सलवारीची नाडी बांधूनच.

रात्री कपडे गादीखाली घालून झोपायचं, हे या मुलींना कुणी शिकवलेलं नाही. अंगाच्या वजनाने घडी बसते, इस्त्रीचं काम होतं. खरा फायदा मात्र उबेचा. दोरीवर राहिलेला सुती कुर्ता पहाटे हाताला ओलसर लागतो, गादीखालचा कोमट असतो. नव्या पाचवीतल्या मुली आठवड्याभरात मोठ्यांचं बघून हे उचलतात.

मी केशोरी परिसरातल्या एका आश्रमशाळेत शिकवते. अर्जुनी मोरगाव तालुक्याचा हा टोकाचा भाग, पलीकडे गडचिरोली जिल्हा. एका अंगाला इटियाडोहचं पाणी, दुसरीकडे जंगल, मधे धानाच्या बांध्या. केशोरी म्हटलं की बाहेरच्या माणसाला लाल मिरची आठवते. आम्हाला आठवते थंडी. विदर्भात पारा उतरल्याच्या बातम्या येतात तेव्हा गोंदियाचं नाव बहुतेक वेळा सर्वांत खाली असतं. सात-आठ अंश हे इथे नवल नाही. पाण्याच्या आणि झाडीच्या कडेला तर सकाळी नऊपर्यंत धुकं हटत नाही. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत निघालेला सुटर महाशिवरात्रीच्या प्रतापगडच्या यात्रेपर्यंत अंगावरून उतरत नाही.

आणि गणवेश तर रोजचाच. तो दिसला पाहिजे, हा नियम. मुलं नियम पाळतात आणि थंडीही अडवतात. कशी, ते मी कित्येक हिवाळे जवळून पाहिलं आहे.

मुलांची मोठी युक्ती म्हणजे गेल्या सालचा शर्ट. तो आखूड झालेला, बगलेत घट्ट, पण रंग तोच. तो आत घालायचा आणि यंदाचा वरून. कॉलर कॉलरीखाली बरोबर बसते, ओळीत उभं राहिल्यावर कुणाला कळत नाही. एकदा सहावीतल्या एका पोराचं वरचं बटण तुटलं म्हणून बघायला गेले, तर आत दुसरा शर्ट, त्याच्या आत तिसरा. "थंडी लागून रायली मॅडम," एवढंच म्हणाला. तिसरा त्याच्या मोठ्या भावाचा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मी बटण लावून दिलं आणि बाह्या सोडायला सांगितल्या, कारण दुमडलेल्या बाहीने दंडाला गाठ होते, ऊब नाही.

थराथरांनी कपडे घालण्यामागचं कारण साधं आहे. कापड स्वतः गरम नसतं. दोन कापडांमधे अडकलेली हवा अंगाची ऊब धरून ठेवते. म्हणून एका जाड्या कपड्यापेक्षा दोन पातळ बरे. पण आतला कपडा ओला झाला की सगळं उलटं होतं. सुती कापड घाम आणि दव दोन्ही पितं आणि अंगाला चिकटून गारठा देतं. ग्राउंडवर धावून आलेली मुलं दहा मिनिटांत कुडकुडायला लागतात ती यामुळेच. आता मी धावण्याआधी आतला शर्ट काढून ठेवायला लावते आणि धावून झाल्यावर कोरडा घालायला.

मुली ओढणीचं बघण्यासारखं करतात. खोलीतून निघताना ती डोक्यावरून कानांवर येते, हनुवटीखाली एक वेढा, टोकं पाठीमागे गाठीत. परिपाठाची घंटा झाली की दोन हातांनी एक झटका, आणि ओढणी खांद्यांवर, घड्या जागेवर, पिना लागलेल्या. शेकोटीपाशी मात्र मी ओढणी काढायलाच लावते. स्वस्तातल्या ओढण्या आणि सुटर बहुतेक कृत्रिम धाग्याचे; ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटतात. याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

लहान मुलांचा प्रश्न पायांचा. हाफ पँट आणि मोजे यांच्यामधला गुडघा उघडाच राहतो. मग मोजे वर ओढायचे आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून ते गच्च बसवायचे. संध्याकाळी रबर काढलं की पोटरीवर लाल वळ उमटलेले असतात. दर मोज्यामागे दोन बोटं घालून बघणं हे आता माझं सकाळचं काम झालं आहे. बोटं सहज गेली नाहीत तर रबर बाहेर. वर्गात चपला बाहेर ठेवून फरशीवर बसायचं, तेव्हा थंडी खालून चढते. आमच्या कामाठीमामांनी चुंगडीत, म्हणजे पोत्यात, धानाचं तनस भरून, तोंडं शिवून बसायला दिली. धानाच्या मुलखात तनसाला तोटा नाही. त्या चुंगड्यांनी जेवढा फरक पडला तेवढा कोणत्याही परिपत्रकाने पडलेला मी पाहिला नाही.

सुटर धुणं हाही एक प्रश्नच. शनिवारी धुतलेला सुटर सोमवारी सकाळी बगलेत आणि पट्टीत ओला असतो, कारण ऊन मिळतं ते दुपारचे तीन-चार तास. मुली तो टॉवेलात गुंडाळून दोघीजणी दोन्ही टोकांनी पिळतात, मग दोरीवर न टांगता खाटेवर पसरतात; टांगला की पाण्याच्या वजनाने लांबतो. एकच सुटर असलेल्या मुलाने धुवायचा कधी आणि घालायचा कधी?

इथे पैशांची गोष्ट येते. पूर्वी आदिवासी विकास विभाग गणवेश, सुटर, साबण, तेल या वस्तू पुरवायचा. २०१७ पासून त्याऐवजी रक्कम थेट खात्यात देण्याचं ठरलं. तेव्हाचा दर चौथीपर्यंत वर्षाला ७५००, पाचवी ते नववी ८५००, दहावी ते बारावी ९५०० रुपये होता. मापाचा कपडा घेता येतो, हे चांगलंच. पण पैसे हप्त्यांनी येतात, आणि खातं बंद पडलं किंवा आधार जुळलं नाही की घरचे बँकेत खेपा घालत राहतात. त्यात सुटर घ्यायची मंडई निघून जाते. मग मुलगा येतो तो घरात जे असेल ते घालून. लाल, पोपटी, काकाचं जाकीट.

आणि मग दारात नियम उभा राहतो.

आधीच्या एका शाळेत मी नवीन होते. जानेवारीतला सोमवार, परिपाठाची माझी पाळी. ओळीत एक चौथीतला मुलगा लाल सुटर घालून उभा. मी तो काढायला लावला. त्यानेही मुकाट्याने काढला, घडी करून पायाशी ठेवला. त्या रात्री त्याचे हातपाय ठणकायला लागले, इतके की त्याला ग्रामीण रुग्णालयात न्यावं लागलं. त्याच्याकडे लाल कार्ड होतं. आमच्या भागात लाल कार्डाचा अर्थ सगळ्यांना कळतो: सिकलसेलचा रुग्ण. पिवळं कार्ड वाहकाचं. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, कोयत्याच्या आकाराच्या पेशी त्यात अडकतात आणि हाडासांध्यांत असह्य वेदना सुरू होतात. सकाळी तो किती वेळ उघडा उभा होता, असं डॉक्टरांनी विचारलं. मी आकडा सांगितला, पंचवीस मिनिटं. मुलगा चार दिवसांत बरा होऊन परत आला, आणि परिपाठाला उभा राहण्याआधी सुटर काढून माझ्याकडे बघायला लागला. ते बघणं मला अजून जात नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. गणवेश हवाच. कुणाचा बाप शेतमजूर आणि कुणाचा नोकरदार हे त्यात दिसत नाही, ही मोठी गोष्ट आहे. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी गणवेशाचा नियम मुलाच्या अंगावरून सुरू झाला पाहिजे, रंगावरून नाही. आताच्या शाळेत आम्ही तसं करून घेतलं. सुटर कोणत्याही रंगाचा चालतो, गणवेशाचा शर्ट वरून. सुटर जाड असेल आणि शर्ट बसत नसेल तर सुटरच वर, खिशाला नावाची पट्टी. लाल कार्डवाल्या मुलांना कानटोपी आणि मोजे वर्गातही. बारक्यांची अंघोळ पहाटेऐवजी दुपारी चारला, कारण धुक्याच्या दिवशी सोलरचं पाणी नुसतं नावाला गरम असतं. शिस्त कुठे बिघडली नाही. उलट पोरं परिपाठाला वेळेवर येतात.

केशोरीच्या शेजारी गोठणगाव-प्रतापगडकडे तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग, १९७२ पासूनची. थंडी सुरू झाली की तिथली बरीच माणसं शहराशहरांत सुटर विकायला जातात. नागपूरकरांनी त्यांच्याकडून कितीतरी सुटर घेतले असतील. त्याच मुलखातल्या आश्रमशाळेत एका सुटरावर चार महिने काढणारी मुलं आहेत, हे मला सांगायचं होतं.

दर जानेवारीत कुणी ना कुणी शहरातून कपड्यांचं गाठोडं पाठवतं. त्यात साड्या असतात, लग्नातले कोट असतात, चेन तुटलेली जाकिटं असतात. पाठवणाऱ्यांचं मन मोठं आहे, म्हणून एक विनंती करते. पाठवायचं असेल तर दिवाळीच्या आत पाठवा. गडद रंगाचे, पुढे बटणं असलेले, आठ ते चौदा वर्षांच्या मापाचे सुटर. शर्टाच्या आत बसतील इतके पातळ. कानटोप्या आणि लांब मोजे तर कधीच पुरत नाहीत. आणि जवळच्या आश्रमशाळेत आधी फोन करून विचारा, लाल कार्डवाली मुलं किती आहेत. पहिले सुटर त्यांना.