ऑपरेशननंतर घोड्याच्या मानेकडे लक्ष ठेवा

आपल्या कुडाळ परिसरात गोठ्यात गाय-म्हैस असते, घोडा क्वचितच. पण माथेरानात खासगी मोटारींना बंदी असल्याने घोड्यावर अनेकांचे पोट चालते. अशा घोड्याचे पोटशूळासाठी ऑपरेशन होते, ते यशस्वीही होते आणि दोन-चार दिवसांनी त्याची मान सुजते. असे का होते?

घोड्याच्या मानेच्या दोन्ही बाजूंना, श्वासनलिकेशेजारच्या खोबणीत एकेक मोठी शीर असते. डोक्याकडचे रक्त त्यांतून हृदयाकडे परतते. ऑपरेशनच्या वेळी यातील एका शिरेत प्लास्टिकची नळी बसवून सलाईन व औषधे देतात. नळीच्या घर्षणाने, तीव्र औषधांनी किंवा जंतुसंसर्गाने शिरेचे अस्तर सुजते व रक्ताची गुठळी होते. आधीच आजाराने खंगलेल्या घोड्यात हा धोका अधिक असतो.

लक्षणे कोणती? शीर दोरीसारखी कडक लागते, ती जागा गरम व दुखरी होते. ताप १०१.५ अंश फॅरनहाइटच्या वर गेला किंवा नळीच्या जागी पू दिसला तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. हे जंतू रक्तावाटे फुप्फुसात व हृदयात पोहोचू शकतात.

अशा वेळी पशुवैद्यांना त्वरित बोलवावे. ते नळी काढतात, सोनोग्राफीने गुठळी पाहतात व औषधे ठरवतात. मालकाने शीर चोळू नये, चोळल्याने गुठळी सुटण्याची भीती असते. पशुवैद्यांनी सांगितल्यास गरम पाण्याचा शेक द्यावा. चारा उंचावर ठेवावा, म्हणजे डोके खाली राहून सूज वाढत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजावा.

एक शीर बंद झाली तरी लहान शिरा हळूहळू तिचे काम उचलतात. म्हणून दुसरी शीर जपावी, तिच्यात विनाकारण सुई टोचू देऊ नये. दोन्ही अचानक बंद झाल्यास तोंड व नाकपुड्या सुजतात. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, त्यामुळे तो गुदमरून दगावू शकतो.

हाच धडा आपल्या गोठ्यालाही लागू आहे. व्यालेल्या म्हशीला दूधज्वरात मानेच्या शिरेतून कॅल्शियम देतात. ते शिरेबाहेर गेले तर मान सुजते. म्हणून हे काम जाणकार पशुवैद्यांकडूनच करून घ्यावे आणि सूज दिसताच घरगुती लेप लावत न बसता गुरांचा दवाखाना गाठावा.