गिरणीची जमीन आणि भाड्याचे घर : नांदेड व लातूर यांच्या संदर्भात

बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर घरे बांधावीत, ही कल्पना आता कोणास नवी वाटत नाही. परंतु ती घरे विकावयाची की भाड्याने द्यावयाची, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. घर म्हणजे मालकीचे घर, असे आपण गृहीत धरून चालतो. या गृहीताने कोणाचे नुकसान होते, याचा विचार मराठवाड्यातील दोन शहरांच्या अनुरोधाने येथे केला आहे.

निजामी राजवटीत नांदेड येथे उस्मानशाही मिल उभी राहिली, ती गावराणी कापसाचा मुलूख व रेल्वे या दोहोंच्या आधाराने. १९७४ च्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यान्वये ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली व पुढे इतर अनेक आजारी गिरण्यांप्रमाणे बंद पडली. लातूरची स्थिती निराळी आहे. तेथील उद्योगाचा जुना पाया म्हणजे तेलगिरण्या व डाळगिरण्या. त्यांच्या जागा लहान, विखुरलेल्या आणि बहुतांशी खाजगी मालकीच्या. म्हणजे नांदेडचा प्रश्न मुख्यतः सार्वजनिक मालकाच्या निर्णयाचा, तर लातूरचा अनेक मालकांना एकत्र आणण्याचा आहे.

या शहरांत भाड्याचे घर लागते कोणाला? लातूरची शिकवणी-परंपरा सर्वश्रुत आहे, आणि नांदेडही आता त्याच वाटेने चालले आहे. खेड्यातून आलेली मुले एका खोलीत चार खाटा टाकून राहतात आणि मालकाला खाटेमागे भाडे मिळते. मोंढ्यातील हमाल, रुग्णालयातील परिचारिका किंवा बांधकामावरील गवंडी यांच्या कुटुंबाला त्याच खोलीसाठी चार खाटांचे भाडे देणे परवडत नाही. परिणामी कुटुंबे गावाबाहेर ढकलली जातात. ज्या लातुरात २०१८ मध्ये रेल्वे डबे कारखान्याची पायाभरणी झाली, तेथे बदलीवर वा कंत्राटावर येणारा कामगारही घर विकत घेण्याच्या स्थितीत नसतो. त्याला दोन-चार वर्षांपुरते छप्पर हवे असते.

असे घर किती भाड्यात पडेल, याचा हिशोब उदाहरणादाखल करून पाहू. पुढील आकडे केवळ गृहीत आहेत. एका घराचा बांधकामखर्च १२ लाख रुपये धरला आणि ती रक्कम ३० वर्षांत ८ टक्के व्याजाने फेडावयाची म्हटली, तर मासिक हप्ता सुमारे ८,८०० रुपये येतो. त्या घराच्या वाट्याला बाजारभावाने ६ लाखांची जमीन लावली की आणखी ४,४०० रुपये चढतात. दुरुस्तीसाठी वर्षाला बांधकामखर्चाचा एक टक्का, म्हणजे महिना १,००० रुपये, वेगळा काढावाच लागतो. एकूण १४,२०० रुपये झाले. आता जमीन भाड्यात धरली नाही आणि व्याज ४ टक्क्यांवर आणले, तर हप्ता ५,७०० च्या आसपास येतो व दुरुस्तीसह भाडे ६,७०० रुपये होते. महिना २०,००० रुपये मिळविणाऱ्या कुटुंबाला उत्पन्नाचा हा एक-तृतीयांश भाग होय. ही मर्यादाही ताणलेलीच आहे. तात्पर्य असे की, इमारतीचा आराखडा कितीही काटकसरीने केला तरी त्यातून जे साधत नाही, ते जमिनीची किंमत व व्याजाचा दर या दोन बाबींतून साधते. सार्वजनिक मालकीची गिरणी बंद पडल्यावर तिच्या जागेचा लिलाव करून जास्तीत जास्त रक्कम उभी करावी, हा विचार हिशोबाच्या वहीत शहाणपणाचा दिसतो. परंतु त्याच क्षणी त्या जागेवर हमालाचे घर अशक्य होते.

मुंबईचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ५८ प्रमाणे गिरणीची मोकळी होणारी जमीन मोकळी जागा, सार्वजनिक गृहनिर्माण व मालक अशा तीन वाट्यांत विभागावयाची होती. २००१ च्या दुरुस्तीने ही विभागणी मूळच्या रिकाम्या जागेपुरतीच उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. सार्वजनिक वाटा आक्रसला. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे गिरणी कामगारांच्या वाट्याला आली, ती २२५ चौरस फुटांची व मालकीची. पुढची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २००८ पासून भाड्याच्या घरांची योजना हाती घेतली होती. १६० चौरस फुटांच्या खोल्या तिच्यात बांधल्या गेल्या. पनवेलजवळ कोन येथील अशाच दोन-दोन खोल्या जोडून २०१६ मध्ये सुमारे २,४०० घरे गिरणी कामगारांना सोडतीने देण्यात आली. भाड्यासाठी बांधलेली घरे मालकीची झाली, आणि गिरणगावातील कामगार शहराच्या सीमेपलीकडे गेला. कामगारांचा हक्क न्याय्यच होता. तथापि भाडेकरूची गरज त्यात निकालात निघाली.

भाड्याच्या घरांविषयी शासनाला जी धास्ती वाटते, तिचेही कारण आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविले. भाडे थिजले, दुरुस्ती थांबली, चाळी खचल्या. मराठवाड्यात त्या वेळी १९५४ चा हैदराबादचा निराळा कायदा होता. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने हे सारे रद्द होऊन वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा आली. शासनाच्या व स्थानिक संस्थांच्या मालकीच्या इमारती या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. म्हणजे महापालिकेने स्वतः घरे बांधली तर भाडेवाढीचा नियम तिलाच ठरवावा लागेल, आणि तो पहिल्याच करारात लिहिलेला बरा. निवडणुकीच्या वर्षात भाडे वाढविण्याचे धैर्य कोणतीही महापालिका दाखवील, असे मानण्याचे कारण नाही.

आता उंचीविषयी. चार ते सात मजल्यांची इमारत या शहरांना अनेक कारणांनी मानवते. पाचव्या मजल्यापुढे उद्वाहनाचा खर्च टळत नाही, आणि तो दरमहा भाडेकरूच्याच माथी येतो. उंची वाढली की अग्निशमनाची व्यवस्थाही महागते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर, २००२ साली भारतीय मानकात हा भाग तिसऱ्या भूकंप-क्षेत्रात घातला गेला. तेव्हा खाली वाहनतळासाठी केवळ खांबांवर उभी राहणारी इमारत तर लातुरात टाळावीच. परंतु खरी मर्यादा पाण्याची आहे. दर माणशी दररोज १३५ लिटर या प्रमाणाने २५० कुटुंबांच्या संकुलाला, पाच माणसांचे कुटुंब धरून, दिवसाला १,६८,७५० लिटर पाणी लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. नांदेडला गोदावरी व विष्णुपुरीचा आधार आहे. लातूरला मांजरा धरण भरेल तेव्हाच. त्यामुळे लातुरात मजल्यांची संख्या ठरविण्यापूर्वी सांडपाण्याच्या पुनर्वापराची योजना कागदावर उतरली पाहिजे. जुन्या गिरणीच्या आवारातील विहीर व हौद पाडून टाकण्याची घाईही करू नये.

जमिनीच्या पोटात काय आहे, हेही पाहावे लागते. रंगखात्याचे सांडपाणी, बाष्पकाच्या कोळशाची राख, ॲस्बेस्टॉसचे पत्रे, विद्युत-रोहित्रांतील तेल हा गिरणीचा वारसा होय. मातीची तपासणी करून मगच घरे कोठे व अंगण कोठे हे ठरवावे. ज्या मातीत मुले खेळणार, तिची परीक्षा कडक असावी.

कायद्यातील एक उणीव या शहरांना विशेष जाचते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत, ४,००० चौरस मीटरवरील भूखंडात २० टक्के क्षेत्र अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी ठेवण्याचे बंधन आले, ते दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकांपुरते. २०११ च्या जनगणनेत नांदेड साडेपाच लाखांचे व लातूर पावणेचार लाखांहून थोडे अधिक. मोठी जागा रिकामी झाली तरी खाजगी मालकावर हे बंधन येत नाही. केंद्राने २०२० मध्ये परवडणाऱ्या भाडे-संकुलांची योजना आणली. तिच्यात संकुल २५ वर्षे भाड्यानेच चालवावयाची अट आहे. २५ वर्षांनंतर काय, याचे उत्तर ज्याची जमीन त्याच्या हाती राहते. म्हणूनच महामंडळाची वा महापालिकेची जमीन अशा कामासाठी द्यावयाची झाल्यास ती विकू नये, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावी. त्या पट्ट्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: दुरुस्तीनिधी वेगळ्या खात्यात जमा होईल, आणि त्या खात्यातून पगार दिले जाणार नाहीत.