घास अडकतो? कोणती तपासणी केव्हा करावी?

भाकरीचा घास छातीत अडकतो, वरून पाणी प्यायल्याशिवाय उतरत नाही, अशी तक्रार घेऊन बरेच रुग्ण येतात. पुष्कळजण आम्लपित्ताच्या गोळ्यांवर महिने काढतात. पुढे दुर्बिणीची तपासणी होते. तीत काही निघाले नाही, की घरची मंडळी 'मनाचेच आहे' असे ठरवून मोकळी होतात. ही समजूत चुकीची आहे.

अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी आहे. तिचे स्नायू वरून खाली क्रमाने आकुंचन पावतात व त्या लाटेबरोबर घास पुढे सरकतो. त्याच वेळी जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैल होते. लाट बिघडली किंवा झडप सैल झाली नाही, तर नळी आतून चांगली दिसत असूनही घास अडतो. झडप न उघडण्याच्या विकारास अॅकॅलेशिया म्हणतात. तो विरळा असल्याने ओळखण्यास उशीर होतो. रात्री अन्नपाणी घशाशी येते, ठसका लागतो, वजन घटते आणि कित्येकदा क्षयाचाच संशय घेतला जातो.

यासाठी तीन मुख्य तपासण्या आहेत.

१) एंडोस्कोपी : पहिली तपासणी हीच. दुर्बिणीने जखम, आकुंचन किंवा गाठ दिसते व तपासणीसाठी तुकडा घेता येतो. तंबाखू, गुटखा, बिडी व दारूचे व्यसन असणाऱ्यांनी ती मुळीच टाळू नये. कर्करोग नाही याची खात्री आधी व्हावी लागते. मात्र स्नायूंचा जोर हिच्यात मोजता येत नाही.

२) बेरियमचा एक्स-रे : पांढरे औषध पाजून १, २ व ५ मिनिटांनी फोटो काढतात. औषध किती वेळ तुंबून राहते ते कळते. अॅकॅलेशियात नळीचे खालचे टोक पक्ष्याच्या चोचीसारखे निमुळते दिसते. गर्भवती स्त्रियांनी आधी डॉक्टरांना सांगावे.

३) मॅनोमेट्री : उपाशीपोटी नाकातून बारीक नळी घालून घोट-घोट पाणी गिळायला देतात. प्रत्येक घोटाला लाटेचा व झडपेचा दाब संगणकावर उमटतो. थोडा त्रास होतो, पण भूल लागत नाही. अॅकॅलेशियाचे तीन प्रकार हिच्यामुळेच वेगळे ओळखता येतात आणि फुग्याने झडप रुंदावणे, शस्त्रक्रिया की २००८ मध्ये जपानमध्ये सुरू झालेली दुर्बिणीतून स्नायू कापण्याची पद्धत, हे ठरविणे सोपे जाते.

पहिल्या दोन तपासण्या नांदेड-लातूरला होऊ शकतात. मॅनोमेट्रीसाठी बहुधा हैदराबाद, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. म्हणून आधीच्या दोन तपासण्या येथेच करून घ्याव्यात व फोटो, रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी सोबत न्यावी. काही वेदनाशामक औषधांनीही अन्ननलिकेची हालचाल बिघडते.

डॉक्टरांना एक गोष्ट नेमकी सांगा. आधी भाकरी अडू लागली व पुढे पातळ पदार्थही, की पहिल्यापासून पाणीही अडते? पहिल्या प्रकारात नळी अरुंद झाल्याचा, दुसऱ्यात हालचालीच्या विकाराचा संशय येतो. वजन घटणे, रक्ताची उलटी किंवा काळी शौच असल्यास एक आठवडाही दवडू नये. थुंकीसुद्धा गिळता येत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.